धानाची पोथी कोणाच्या हातीं?



पूर्वीं पोथी सोंवळ्यांत असे. शूद्रातिशूद्रानें तिला हात लावूं नये, ती वाचूं नये, कोणी वाचीत असल्यास ऐकूंही नये असा दंडक होता. आणि पोथींत काय लिहिलें आहे हें सांगण्याबद्दलची दक्षिणा मात्र त्याच शूद्राच्या खळ्यावरून उचलली जात असे. महात्मा जोतीराव फुल्यांनीं हा डाव ओळखला व १८४८ सालापासून शाळा काढून तो मोडावयास आरंभ केला. आज आपलीं मुलें कॉलेजांत जातात, कोणी डॉक्टर होतात, कोणी तहसीलदार होतात. तेव्हां पोथीचा प्रश्न मिटला असें आपणांस वाटत असेल. तो मिटलेला नाहीं. पोथी तेवढी बदलली आहे. आज आम्हांस ज्या पोथीविषयीं लिहावयाचें आहे ती कागदाची नसून आपल्या बांधींत उभ्या असलेल्या धानाच्या दाण्यांत आहे, आणि ती वाचणारे, खोडणारे व नव्यानें लिहिणारे लोक हैदराबाद, दिल्ली, जपान, कॅलिफोर्निया अशा ठिकाणीं बसले आहेत.

४ मे २०२५ रोजीं केंद्राचे कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीं दिल्लीस दोन नव्या धानांची घोषणा केली. एकाचें नांव ‘डीआरआर धान १००’ ऊर्फ ‘कमला’, दुसऱ्याचें ‘पुसा डीएसटी राइस १’. पहिला वाण हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेनें सांबा मसुरीपासून काढला. दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेनें एमटीयू १०१० पासून. कमला हा वाण सांबा मसुरीच्या सुमारें २० दिवस आधीं, म्हणजे १३० दिवसांच्या आसपास कापणीस येतो व उत्पन्न सुमारें १९ टक्के अधिक देतो असें संस्थेचें सांगणें आहे. (या आकड्यांवर हरकत घेणारेही देशांत आहेत, त्यांचें म्हणणेंही ऐकून घ्यावयास पाहिजे.) ज्या राज्यांकरितां या कमलाची शिफारस झाली त्यांत छत्तीसगड आहे, मध्य प्रदेश आहे आणि महाराष्ट्रही आहे. महाराष्ट्रांत धान म्हटलें कीं एक कोंकण आणि दुसरा आमचा हा झाडीपट्टीचा मुलूख. म्हणजे हें बीं आज ना उद्यां आमच्याच पऱ्ह्यांत पडावयाचें आहे. मग गोरेगांव तालुक्यांतल्या किती चावड्यांवर, किती पानठेल्यांवर त्याची चर्चा झाली? किती ग्रामसभांपुढें कोणी शास्त्रज्ञ येऊन उभा राहिला व म्हणाला कीं, बाबांनो, तुमच्या धानांत आम्हीं अमुक केलें आहे, त्याबद्दल काय विचारावयाचें असेल तें विचारा?

कोणी सांगत नाहीं म्हणून आम्हीच आमच्या परीनें सांगतों. प्रत्येक जिवाच्या शरीरांत, अगदीं बारीक कोठडींत, त्याच्या घडणीची पोथी असते. तिची लिपी अवघ्या चार अक्षरांची. धानाच्या पोथींत अशीं सुमारें ३९ कोटी अक्षरें बारा खंडांत लिहिलेलीं आहेत. लोंबी किती लांब, दाणा बारीक कीं ठोकळ, धान हलका कीं भारी, हें सारें त्यांतच. आतां लोंबीच्या कोंवळ्या शेंड्यापाशीं वाढीचा एक रस असतो. तो रस जितका टिकेल तितके दाणे अधिक धरतात. परंतु पोथींतल्या एका ओळीच्या हुकमानें एक उधळ्या कारभारी हा रस संपवून टाकतो. हैदराबादच्या मंडळींनीं ती एक ओळ कापून त्या कारभाऱ्याचे हात बांधले. एवढेंच. बाहेरच्या जिवाचा एक शब्दही तींत घातला नाहीं. बीटी कपाशीची गोष्ट निराळी होती. तिच्या पोथींत मातींतल्या एका जंतूची ओळ आणून चिकटविली होती. हा फरक ध्यानांत ठेवावा, कारण ‘सारें विषच आहे’ असें ओरडत फिरणारे पुष्कळ भेटतात, व ‘हें सारें आमच्या पुराणांत होतेंच’ असें सांगणारे त्याहून अधिक. या दोहोंचाही आपल्यास उपयोग नाहीं.

आतां ही एक ओळ कापावयास किती देश लागले तें पाहा. ज्या कात्रीनें ती कापली ती मूळची जंतूंची. विषाणूंपासून आपला बचाव करण्यास जंतु ती वापरतात. तिचें हत्यार कसें करावें हें कॅलिफोर्नियाच्या जेनिफर डाउडना व फ्रान्सच्या इमान्युएल शार्पांतिए या दोन बायांनीं २०१२ सालीं दाखविलें व २०२० सालीं दोघींस नोबेल पारितोषिक मिळालें. कोणती ओळ कापली असतां दाणे वाढतात हें जपानच्या शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं शोधलें. धानाची सबंध पोथी वाचण्याचें काम जपानच्या पुढाकारानें दहा देशांनीं वाटून घेतलें होतें. त्यांत अकराव्या खंडाचा कांहीं भाग भारताच्या वांट्यास आला होता, आणि वाचून झालेलें सर्व त्यांनीं जगापुढें फुकट मांडलें. ज्या सांबा मसुरीची ओळ कापली तिचा जन्म आंध्रांतल्या बापटला येथला, १९८६ सालचा. तिच्या आजापणज्यांत कोइमतूरचा जीईबी २४ आहे, तैवानचा टीएन १ आहे, आणि मसुरी तर मलेशियांत वाढलेली. तिचा संकर मात्र आपल्या कटकला झाला होता. एका दाण्यांत इतक्या मुलुखांचें गोत भरलें आहे. जे लोक देशादेशांच्या शास्त्रज्ञांनीं एकत्र येऊं नये असें म्हणतात त्यांनीं आपल्या ताटांतला भात आधीं बाजूला सारावा. आम्ही तसें म्हणणार नाहीं. ज्ञान सात समुद्र ओलांडून आलें तर तें बाटत नाहीं. समुद्र ओलांडल्यानें बाटतो असें म्हणणारे कोण होते तें आपल्यास ठाऊक आहे.

परंतु या गोतावळ्यांत एकाचें नांव कोठेंच नसतें. ज्यानें तें धान हजारों वर्षें निवडलें, राखलें, दुष्काळांतही पोट मारून बियाण्याची कणगी फोडली नाहीं, त्या कुणब्याचें, पोवाराचें, गोंडाचें, महाराचें, आणि लोंब्या निवडणाऱ्या त्याच्या बायकोचें. जपान्याचें नांव छापलें जातें, अमेरिकनाचें छापलें जातें, हैदराबादच्या साहेबांचें छापलें जातें. आपला मात्र ‘स्थानिक वाण’ होतो. जणूं तो वाण आपोआप रानांत उगवला.

हें आम्ही हवेंत बोलत नाहीं. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी आगगाडी आपल्या हिरडामालीवरून पुढें नागभीडला जाते. त्या नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें खेडें आहे. तेथें दादाजी खोब्रागडे नांवाचा दलित शेतकरी राहत असे. जमीन दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ सालीं त्याला आपल्या पटेल ३ जातीच्या धानांत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर त्या इतर पेंढ्यांबरोबर खळ्यावर गेल्या असत्या. यानें त्या निराळ्या ठेवल्या, पुढल्या वर्षीं निराळ्या पेरल्या, त्यांतून पुन्हां निवडल्या, असें वर्षानुवर्षें केलें. दाणा बारीक, भात मऊ, उत्पन्नही चांगलें. गांवोगांवचे लोक बीं नेऊं लागले. एका व्यापाऱ्यानें त्या काळीं नांवाजलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला एचएमटी असें नांव दिलें आणि त्याच नांवानें तो तांदूळ विदर्भांत, छत्तीसगडांत, आंध्रांत पसरला. आज आपल्या तालुक्यांत एचएमटी कोणाला ठाऊक नाहीं? दादाजी किती जणांस ठाऊक आहे?

पुढें १९९४ सालीं कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानें दादाजींकडून पांच किलो बीं प्रयोगासाठीं नेलें व १९९८ सालीं ‘पीकेव्ही एचएमटी’ या नांवानें वाण प्रसिद्ध झाला. विद्यापीठाचें म्हणणें असें कीं आम्हीं तें बीं शुद्ध केलें. दादाजींचें म्हणणें असें कीं बीं माझें असून माझें नांव कोठेंच नाहीं. शुद्ध करणें हें काम खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं; त्यालाही विद्या लागते, वर्षें लागतात. पण ज्याच्या घरून बीं आणलें त्याचें नांव एका ओळींत लिहावयास किती शाई लागली असती? आणि हें त्या विद्यापीठांत घडावें ज्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचें नांव आहे! पंजाबराव केंद्राचे कृषिमंत्री असतां त्यांनीं भारत कृषक समाज उभा केला, १९५९ सालीं दिल्लीस जागतिक कृषि प्रदर्शन भरविलें व जगाची शेती शेतकऱ्यास दाखविली. दादाजींस २००५ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें मानाचें पारितोषिक मिळालें. २०१० सालीं फोर्ब्स नांवाच्या अमेरिकन मासिकानें त्यांचें नांव छापलें. अमेरिकेंत छापलें तेव्हां आपल्याकडच्या पुढाऱ्यांस त्यांच्या घरची वाट सांपडली. ३ जून २०१८ रोजीं दीर्घ आजारानंतर ते वारले. एचएमटीखेरीज आणखी कित्येक वाण या माणसानें त्या दीड एकरांत काढले होते. त्याच्या प्रयोगशाळेला भिंती नव्हत्या एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट पूर्वेकडची. गोंदियाहून पूर्वेची गाडी धरली कीं कांहीं तासांत रायपूर येतें. तेथल्या कृषि विद्यापीठांत धानाच्या हजारों वाणांचा संग्रह आहे. त्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनीं घातला. हे गृहस्थ पूर्वीं कटकच्या केंद्रीय भात संस्थेचे संचालक होते. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनीं त्या वेळच्या मध्य प्रदेशांत खेड्यापाड्यांत फिरून सुमारें १९ हजार वाण गोळा केले, आणि नुसतें बीं नाहीं, तर कोणता वाण कोणत्या जमिनींत येतो, कोणत्या नक्षत्रावर पेरतात, कोणता बाळंतिणीस देतात, हेंही शेतकऱ्यांस विचारून टिपून ठेवलें. आपल्या सालेकसा-देवरीच्या सीमेपलीकडे हाच मुलूख लागतो. तिकडचें बीं इकडे व इकडचें तिकडे पूर्वापार लग्नाकार्याच्या वाटेनें गेलेलें आहे. २००२ सालीं स्विट्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीचा या विद्यापीठाशीं करार घाटत होता. विद्यापीठानें संग्रह उघडून द्यावयाचा, संशोधन दोघांनीं मिळून करावयाचें, नवीन वाण बाजारांत विकण्याचा हक्क कंपनीचा, आणि विद्यापीठाला त्यांतून कांहीं स्वामित्वधन. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून फुटली तेव्हां रायपुरांत शेतकरी, विद्यार्थी, आदिवासी, सर्व पक्षांचे लोक रस्त्यावर उतरले. डिसेंबर २००२ मध्यें कंपनीनें माघार घेतली.

आतां येथें जरा थांबून विचार करावा. करार मोडला हें चांगलें झालें असेंच आमचें मत आहे. पण तो मोडला म्हणून त्या १९ हजार वाणांच्या मालकांस काय मिळालें? तें बीं थंड खोलींत डब्यांत राहिलें. ज्या गांवांतून तें आणलें त्यांपैकीं कित्येक गांवांत आज तो वाण उरला नसेल. म्हणजे कंपनीला दिलें तर लूट, आणि डब्यांत ठेवलें तर अडगळ. या दोहोंच्या मधला रस्ता, कीं तें परत गांवांत यावें, शास्त्रज्ञ व शेतकरी यांनीं मिळून तें सुधारावें, हा कोणाच्या मनांतही आला नाहीं. आलाच असेल तर त्यासाठीं कोणी मोर्चा काढला नाहीं. मोर्चा काढणारांत आम्हीही असतों, म्हणून हा दोष आम्ही आपल्याच पदरीं घेतों.

शिवाय आतां डब्यालाही कुलूप लावून भागत नाहीं. २०१४ सालीं फिलिपाइन्सची आंतरराष्ट्रीय भात संस्था व चीनच्या संस्था यांनीं मिळून ८९ देशांतल्या ३ हजार धानांच्या पोथ्या वाचून जगापुढें ठेवल्या. विद्येच्या दृष्टीनें हें मोठेंच काम झालें. पण त्याचा अर्थ काय होतो? पूर्वीं आपलें बीं न्यावयाचें तर कोणाला तरी आपल्या दारीं यावें लागे. आतां अक्षरें तारेवरून जातात. आणि अक्षरें वाचतां येतात तशीं लिहितांही येतात. २०१० सालीं अमेरिकेंत क्रेग व्हेंटर यांच्या मंडळींनीं एका जंतूची सुमारें १० लाख अक्षरांची सबंध पोथी यंत्रावर तयार केली, दुसऱ्या जंतूच्या शरीरांत घातली, व तो जंतु नव्या पोथीप्रमाणें वागूं लागला. या विद्येला सिंथेटिक बायॉलॉजी म्हणतात. आपण तिला जीव घडविण्याची विद्या म्हणूं. हिच्यापुढें दाण्याची गरजच नाहीं. दाण्याची नक्कल पुरते. मग बीं राखणाराचा हक्क कशावर चालावयाचा?

हा प्रश्न सर्व राष्ट्रांपुढें आला. २०२४ सालीं कोलंबिया देशांत काली या शहरीं राष्ट्रांची परिषद भरली व असें ठरलें कीं, ज्या मोठ्या कंपन्या अशा अक्षरांवर पैसा मिळवितात त्यांनीं नफ्याचा शेंकडा एक किंवा एकंदर विक्रीचा हजारीं एक असा वांटा एका फंडांत घालावा, आणि त्यांतला निदान अर्धा आदिवासी व स्थानिक लोकांकडे जावा. २०२५ सालच्या फेब्रुवारींत तो फंड सुरू झाला. ठराव छान आहे. पण देणें ऐच्छिक आहे! सावकारानें आपल्या खुषीनें व्याज सोडल्याचें कोणी पाहिलें आहे काय?

कारागीर बंधूंस वाटेल कीं हें सारें शेतकऱ्याचें रडगाणें, आपला यांत काय संबंध? त्यांना जर्मन निळीची आठवण देतों. १८९७ सालीं जर्मनींतल्या कारखान्यानें रसायनांतून नीळ काढून बाजारांत आणली व थोड्याच वर्षांत आपल्याकडची निळीची शेती व ती काढणारांचा धंदा बसला. निळेवाल्या गोऱ्या मळेवाल्यांसाठीं रडण्याचें कारण नाहीं, पण हौदांत उतरून नीळ घुसळणारा मजूरही त्यांतच बुडाला. आज जर्मनींत व जपानांत जंतूंच्या पोटीं कोळ्याच्या जाळ्याचें रेशीम तयार करवून घेणारे कारखाने आहेत. आमचे धीवर बंधू ऐनाच्या झाडावर कोशाचे किडे राखतात, कोष्टी बंधू त्याचें कापड विणतात. या नव्या रेशमानें कोसा उद्यांच बुडेल असें आम्ही म्हणत नाहीं. जंतूंचें रेशीम अजून महाग आहे, आणि कोशाची चमक त्याला येईल कीं नाहीं ही शंकाच आहे. पण निळीच्या वेळीं निदान कोणाला कल्पना नव्हती. आतां कल्पना आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आमच्यावर खोटेपणाचा आळ येईल. झाडीपट्टींत हिंवताप किती घरें रडवितो तें सांगावयास नको. त्यावर आज जी औषधाची गोळी आशाताई देतात तींतलें मुख्य द्रव्य चीनमधल्या एका वनस्पतीपासून निघतें. कॅलिफोर्नियाच्या जे. कीसलिंग यांनीं त्या वनस्पतीच्या ओळी पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्यें घालून त्याच्याकडून तें द्रव्य जवळजवळ तयार करून घेतलें, आणि २०१३ सालापासून कारखान्यांत तें मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें. गडचिरोलीच्या तापानें फणफणलेल्या पोराला तें द्रव्य शेतांतून आलें कीं हौदांतून याची पर्वा नाहीं व असूं नये. म्हणून या विद्येला शिव्या देणें हा आमचा धंदा नव्हे. तिच्या पंक्तींत आपल्यास पाट मांडलेला आहे कीं आपण उष्ट्या पत्रावळी उचलावयास बोलाविलेले आहों, एवढाच आमचा सवाल आहे.

पंक्तींत बसविण्याची एक वेळ आली होती. ऑक्टोबर २००९ मध्यें बीटी वांग्याला सरकारी समितीनें मंजुरी दिली तेव्हां त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीं ती तशीच पुढें न ढकलतां सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. त्यांतली एक २७ जानेवारी २०१० रोजीं आपल्या नागपुरांत झाली. शेतकरी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, कंपनीवाले बोलले, गोंधळही पुष्कळ झाला. सातही ठिकाणीं मिळून सुमारें ८ हजार लोक आले. ९ फेब्रुवारी २०१० रोजीं मंत्र्यांनीं वांग्यास तूर्त मनाई केली. हा निर्णय बरोबर कीं चूक याबद्दल शास्त्रज्ञांत आजही भांडण आहे. पण मंत्र्यानें निर्णयाआधीं खेड्यांतल्या माणसाचें ऐकावें ही चाल पडली होती. ती चाल तेवढ्यावरच राहिली. ३० मार्च २०२२ रोजीं केंद्र सरकारनें ठरविलें कीं, ज्यांत बाहेरच्या जिवाची ओळ नाहीं अशा काटछाटीच्या पिकांना त्या जुन्या कडक नियमांची गरज नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें या निर्णयांत तथ्य आहे हें आम्ही वर सांगितलेंच. पण धोका कमी म्हणून विचारणेंही बंद, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? लग्नांत धोका नाहीं म्हणून मुलीला न विचारतां लग्न लावण्याची जी आपली जुनी खोड, तीच ही.

आणि विचारण्यासारखें काय आहे म्हणाल तर पुष्कळ आहे. कमलाचें धान २० दिवस आधीं निघालें तर उभ्या पिकांत लाखोळी टाकणाराचा फायदा, कीं कापणीच्या ऐन वेळीं परतीचा पाऊस गांठून पुंजणे भिजण्याची भीति? तणस किती निघेल, बैल खातील कीं नाहीं? तिची आई सांबा मसुरी कडाकरप्याला बळी पडते हें जुनेंच आहे, मुलगीचें काय? मामा तलावाचें पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोंचलें नाहीं तर काय? घरचें बीं पुढल्या वर्षीं पेरतां येईल काय? या शेवटच्या प्रश्नाचें निम्में उत्तर आमच्यापाशीं आहे. २००१ सालच्या वाण संरक्षण कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व ठप्पा न लावतां विकण्याचाही हक्क दिला आहे. स्वतः काढलेला वाण आपल्या नांवावर नोंदविण्याचाही दिला आहे. पण ज्या कात्रीनें कमला घडली तिचीं पेटंटें परदेशांतल्या विद्यापीठांकडे व कंपन्यांकडे आहेत. सरकारी संस्थेनें त्यांच्याशीं काय देणेंघेणें ठरविलें, त्याचा भार बियाण्याच्या पिशवीवर पडणार कीं नाहीं, हें मराठींत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावयास पाहिजे. कटकच्या शास्त्रज्ञांनीं अलीकडे टीएनपीबी नांवाची निराळी लहान कात्री धानावर चालवून दाखविली आहे. परक्याच्या पेटंटापासून सुटका करणारी अशी खटपट खरोखर अभिनंदनास पात्र आहे.

आपल्याच लोकांस दोन शब्द कडू सांगावयाचे आहेत. नवी पोथी सोंवळ्यांत ठेवणारा आतां एकाच जातीचा राहिलेला नाहीं. आमच्याच जातभाईंपैकीं जे शिकून मोठे झाले, कोणी शास्त्रज्ञ, कोणी कृषि अधिकारी, कोणी बियाण्यांचे दुकानदार, कोणी आमदार, ते गांवांत आले कीं इंग्रजीमिश्रित बोलून कुणब्यास गप्प करतात. बापाच्या बांधींत रोवणी करून ज्याची फी भरली गेली तो बापाला ‘तुला यांतलें कळणार नाहीं’ म्हणतो. जानवें नसलें तरी हा भटजीच. जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हां सरकारनें पिकांचीं प्रदर्शनें भरवावीं, औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्या व बक्षिसें द्यावीं असें त्यांनीं सुचविलें होतें. म्हणजे परीक्षा शेतांत, परीक्षक शेतकऱ्यांसमोर. त्या धर्तीवर गोंदियाच्या कृषि विज्ञान केंद्रानें येत्या खरिपांत निदान प्रत्येक तालुक्यांत एका शेतकऱ्याच्या बांधींत कमला, एचएमटी व एखादा जुना वाण शेजारीं शेजारीं लावावा, खत-पाणी सारखें द्यावें आणि चुरणीच्या दिवशीं सर्वांदेखत वजन करावें. उत्पन्न अधिक निघालें तर आम्ही स्वतः या पत्रांत कमलाची वाखाणणी छापूं.

उरली गोष्ट नोंदीची. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक ग्रामपंचायतींत एक जैवविविधता समिती व एक लोक-नोंदवही असावयास पाहिजे. कागदोपत्रीं ती बहुतेक ठिकाणीं आहे. हरित न्यायाधिकरणानें मुदत घातल्यावर ह्या नोंदवह्या घाईघाईनें, कित्येक ठिकाणीं गांवकऱ्यांस न विचारतां भरल्या गेल्या अशी तक्रार देशभर झाली. कायद्यानें लुटारूस अडविण्याचें जें कांहीं थोडें बळ गांवाला दिलें आहे तें या वहींत आहे; तिच्यांत नांव नसेल तर रायपूर काय आणि काली काय, कोणाच्याच दारीं आपला दावा उभा राहत नाहीं. शेजारच्या बालाघाटानें आपल्या चिन्नोराची नोंद करून २०२१ सालीं त्याला भौगोलिक निर्देशनाचा शिक्का मिळविला, तो असाच खटपट करून.

तेव्हां १५ ऑगस्टच्या ग्रामसभेस जातांना आपल्या गांवची नोंदवही पाहावयास मागा. ग्रामसेवक नाहीं म्हणाले तर लेखी मागा. त्यांत धानाचे किती वाण आहेत, कोणाच्या घरचे आहेत, तें पाहा. घरांतल्या म्हाताऱ्या बायांस विचारा. लुचई, चिन्नोर यांच्यापलीकडचीं जीं नांवें पुरुषांस आठवणार नाहींत तीं त्यांना आठवतील, आणि कोणता वाण कोणत्या बांधींत येई हेंही आठवेल. कोणाच्या कणगींत मूठभर जुनें बीं अद्याप असेल तर तें खाऊन टाकूं नका. अशीं नांवें, राखणाराच्या नांवगांवासह, जे वाचक आमच्याकडे लिहून पाठवितील, तीं आम्ही दर आठवड्यास या पत्रांत छापीत जाऊं. अक्षर वाईट असलें तरी चालेल. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या नातवाकडून लिहवून पाठवावें, आणि खालीं नांव नातवाचें न घालतां आपलें घालावें.